आईबाप जन्म देतात, कर्म देत नाहीत?



दहावीचा निकाल लागला की आमच्या लालबागच्या चाळीत आठवडाभर दुसरा विषय नसतो. नळावर, जिन्यात, भाजीवाल्यापाशी एकच विचारणा. किती पडले? काय घेणार, सायन्स की कॉमर्स? आणि मग कुणी वयस्कर मावशी पिशवी सावरत म्हणते, "अगं, आपण कितीही केलं तरी आईबाप जन्म देतात, कर्म देत नाहीत. ज्याच्या नशिबात असेल ते होईल."

हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. मी लहानपणापासून ऐकत आले. माझ्या बाबतीतही ते एकदा बोललं गेलं आणि त्यावर माझं शिक्षण थांबलं. ती गोष्ट शेवटी सांगते. त्याआधी गिरगाव आणि परळमधल्या काही घरांत जाऊ या. मुलांनी किती शिकायचं, काय व्हायचं, हे आपल्या या मुंबईत आईबापांच्या समजुतींवर कसं ठरत गेलं आणि त्याची किंमत कुणी मोजली, ते त्या घरांत दिसतं.

सुरुवात १८४९ सालापासून करू. त्याच्या आदल्या वर्षी एल्फिन्स्टनच्या प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी मिळून 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' नावाची संस्था काढली होती. या तरुणांनी ठरवलं, मुलींसाठी शाळा काढायच्या. जागा मिळाली, शिकवायला हे तरुण स्वतःच तयार होते, तेही बिनपगारी, सकाळच्या वेळात. अडचण एकच होती. मुली कुठून आणायच्या? दादाभाई नौरोजी त्या तरुणांतले एक. पुढे म्हातारपणी त्यांनी आठवण सांगितली आहे की, ते घरोघर जाऊन आईबापांची मनधरणी करत. कुणी ओटीवर बसून शिकवू देई, कुणी तोंडावर दार लावी, आणि असली गोष्ट सुचवता म्हणून कुणी जिन्यावरून खाली ढकलून देण्याची धमकीही देई.

तरीही शाळा सुरू झाल्या. पहिल्या खेपेला ४४ पारशी आणि २४ हिंदू मुली आल्या. गिरगावात जगन्नाथ शंकरशेट, म्हणजे आपले नाना शंकरशेट, यांनी मराठी मुलींच्या शाळेसाठी आपल्याच आवारात जागा दिली. एवढा मोठा माणूस आपल्या दारात शाळा भरवतो म्हटल्यावर बाकीच्यांचीही भीड थोडी चेपली.

आता जिन्यावरून ढकलणारे ते बाप दुष्ट होते का? मला तसं वाटत नाही. मुलगी लिहायला शिकली तर तिला वैधव्य येतं, अशी समजूत त्या काळी घराघरांत होती. ती खरी मानणारा बाप आपल्या परीने मुलीचं रक्षणच करत होता. हे ध्यानात ठेवू या, कारण पुढच्या प्रत्येक घरात हेच दिसणार आहे. आईबाप मुलांचं वाईट व्हावं म्हणून काही करत नाहीत. जग असं असं आहे, अशी त्यांची एक खात्री असते आणि त्या खात्रीप्रमाणे ते मुलांचा रस्ता आखतात.

आता आपण गिरगावातच डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी जाऊ. हे ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. १८८३ साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली, तिच्या आठ संस्थापकांत दोन हिंदी गृहस्थ होते. त्यांतले एक हे आणि दुसरे डॉ. आत्माराम पांडुरंग. त्यांच्या पत्नी जयंतीबाई. जयंतीबाईंचं लग्न लहानपणीच झालं, पंधराव्या वर्षी त्या आई झाल्या आणि सतराव्या वर्षी विधवा. पदरात एक मुलगी होती, १८६४ साली जन्मलेली रखमा. त्यांच्या जातीत पुनर्विवाहाला मनाई नव्हती. काही वर्षांनी त्यांनी विधुर असलेल्या सखाराम अर्जुनांशी लग्न केलं. पहिल्या नवऱ्याची मालमत्ता मात्र आधी मुलीच्या नावावर करून दिली.

बालविवाहाने काय होतं हे जयंतीबाईंइतकं कुणाला ठाऊक असणार? तरीही त्यांच्याच घरात वडीलधाऱ्यांच्या आग्रहापुढे अकरा वर्षांच्या रखमेचं लग्न झालं. नवरा दादाजी भिकाजी, विशीच्या आतबाहेरचा. त्याने शिकावं, चार चांगल्या गोष्टी कराव्यात अशी सासरेबुवांची अपेक्षा होती. त्याने शिक्षणाकडे पाठ फिरवली. आणि रखमेची शाळा लग्नाबरोबरच सुटली.

या ठिकाणी सखाराम अर्जुनांनी एक गोष्ट केली. वैद्य असल्यामुळे कोवळ्या वयात नांदायला गेलेल्या मुलींचं काय होतं ते त्यांना माहीत होतं. त्यांनी मुलीला सासरी पाठवायची घाई केली नाही. ती माहेरी राहिली, घरीच पुस्तकं आणून वाचू लागली, इंग्रजी शिकली. आईबरोबर आर्य महिला समाजाच्या सभांना जाऊ लागली. लग्न लावून दिलेल्या त्याच घराने तिला पुढची आठ-नऊ वर्षं वाचायला दिली. आईबापांची समजूतही एका जागी गोठलेली नसते, अनुभवाने ती हलते, हे इथे दिसतं.

पुढे १८८४ साली दादाजीने बायको नांदायला यावी म्हणून हायकोर्टात दावा लावला. त्यानंतरच्या वर्षी सखाराम अर्जुन वारले. आता घरात आई आणि मुलगी. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. न कळत्या वयात लग्न झालेल्या बाईला तिच्या मर्जीविरुद्ध नवऱ्याच्या घरी पाठवता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यावर अपील झालं, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी उलट हुकूम केला. नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी सांगितलं, तुरुंगात जाईन. साऱ्या देशात गदारोळ झाला. टिळकांच्या 'केसरी'ने त्यांच्यावर टीका केली, सुधारक त्यांच्या पाठीशी उभे राहिले. अखेर १८८८ साली दोन हजार रुपये घेऊन दादाजीने हक्क सोडला.

या काळात रखमाबाई 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'ए हिंदू लेडी' या नावाने पत्रं लिहीत होत्या. बालविवाहाने बाईचं आयुष्य कसं बिघडतं आणि तिचं शिकणं कसं संपतं, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. शाळा सुटल्याचं दुःख त्यांना कोर्टाच्या दाव्याइतकंच मोठं वाटत होतं.

मग त्यांनी ते शिकणं पुन्हा सुरू केलं. कामा हॉस्पिटल १८८६ साली सुरू झालं होतं. तिथल्या डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना धीर दिला, पैसे उभे करायला मदत केली. १८८९ साली रखमाबाई लंडनला बायकांच्या मेडिकल स्कूलमध्ये गेल्या, पाच-सहा वर्षांत डॉक्टर होऊन परत आल्या. आधी सुरतेला आणि मग राजकोटला मिळून तीसहून अधिक वर्षं त्यांनी बायकांवर उपचार केले. १९५५ साली, नव्वदी ओलांडून, त्या गेल्या.

ही गोष्ट आपण नेहमी रखमाबाईंच्या धैर्याची म्हणून सांगतो, आणि ते खरंच आहे. मी मात्र आज तुमचं लक्ष त्या घराकडे वेधते. सतराव्या वर्षी विधवा झालेली आई आपली मालमत्ता मुलीच्या नावावर करते. सावत्र बाप मुलीला थांबवून ठेवतो, वाचू देतो. हे झालं नसतं तर कोर्टात उभं राहायला रखमाबाईंच्या पायाखाली जमीन कुठून असती?

आता गिरगावातून परळला येऊ. काळ १९०४ नंतरचा. गिरण्यांचा भोंगा वाजला की माणसांचे लोंढे रस्त्यावर येत. त्या वस्तीत डबक चाळीच्या एका खोलीत सुभेदार रामजी सकपाळ आपल्या कुटुंबाबरोबर राहत होते. लष्करातून निवृत्त झालेले, कबीरपंथी, पलटणीच्या शाळेत मुख्याध्यापक राहिलेले. पेन्शन महिना पन्नास रुपये. त्यांचा धाकटा मुलगा भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलात जायचा.

त्या काळी परळमध्ये मुलाचं काय करायचं, हा प्रश्न फार कुणाला पडत नसे. मुलगा हाताशी आला की गिरणीत. त्यातही जात आडवी यायची. विणकाम खात्यात मजुरी जास्त मिळे, पण तिथे अस्पृश्य कामगारांना घेत नसत. कारण सांगायचे ते असं, की धोट्यात नवी बॉबिन घातली की धागा तोंडाने ओढून काढावा लागतो, आणि त्यांनी तोंड लावलेला धोटा बाकीचे तोंडाला कसा लावणार? म्हणजे दलित बापाचा मुलगा गिरणीत लागला तरी कमी पैशाच्या खात्यात लागणार, हे तो जन्मायच्या आधीच ठरलेलं. पुढे १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हाच प्रश्न पुढाऱ्यांसमोर ठेवला.

अशा वस्तीत सुभेदार रामजींची समजूत वेगळी होती. या मुलाने वाचायचं. खोली एकच. चूल तिथेच, जातं तिथेच, माणसं तिथेच. सगळ्यांना एका वेळी पाठ टेकायलाही जागा नाही. तर भीमराव संध्याकाळी लवकर झोपायचे. वडील रात्री दोनपर्यंत जागायचे, मग मुलाला उठवायचे आणि त्याच्या जागेवर स्वतः आडवे व्हायचे. मुलगा पहाटेपर्यंत मिणमिणत्या दिव्यापाशी वाचायचा. धनंजय कीर यांनी लिहिलेल्या चरित्रात हे सगळं आलेलं आहे.

त्याच चरित्रात एक तपशील आहे, जो वाचताना मी थबकले. भीमरावांना पुस्तकांचा फार नाद. पुस्तक हवं म्हटलं की रामजी लगोलग बाहेर पडायचे आणि आपल्या लग्न झालेल्या मुलींच्या घरी जायचे. पैसे असले तर मुलगी द्यायची. नसले तर अंगावरचा एखादा दागिना काढून द्यायची. रामजी तो मारवाड्याकडे गहाण ठेवायचे, पुस्तक आणायचे, आणि पेन्शन मिळाली की दागिना सोडवून परत द्यायचे.

बाबासाहेबांच्या ग्रंथप्रेमाबद्दल आपण खूप ऐकतो. त्या पुस्तकांमागे बहिणींचे दागिने होते. थोरले बंधू आनंदराव यांचंही शिक्षण थांबलं, कारण दोघांना हायस्कुलात शिकवणं परवडत नव्हतं. त्यांनी नोकरी धरली. बिनआईच्या त्या मुलांना सांभाळणारी आत्या मीराबाई होती. आणि पुढे बाबासाहेब परदेशी शिकत असताना परळमधला संसार ओढणाऱ्या रमाबाई होत्या. एका मुलाच्या शिक्षणासाठी सगळं घर राबलं.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. त्यांचा सत्कार झाला, त्यात कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं. याच केळुसकरांनी पुढे सयाजीराव गायकवाडांची ओळख करून दिली आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. म्हणजे बापाची समजूत मोलाची खरी, पण ती पुरी पडत नाही. बाहेरचा एखादा दरवाजाही उघडावा लागतो. रखमाबाईंना डॉ. पीची भेटल्या, भीमरावांना केळुसकर. सुभेदार रामजी १९१३ च्या फेब्रुवारीत वारले. त्याच वर्षी मुलगा न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेला.

आणि मैत्रिणींनो, तिथून त्या बावीस वर्षांच्या मुलाने वडिलांच्या एका स्नेह्याला पत्र पाठवलं. त्यात त्याने नेमकं आपलं हे चाळीतलं वाक्य घेतलं आहे. आईबाप मुलाला जन्म देतात, कर्म देत नाहीत, ही कल्पना आता आपण पार टाकून दिली पाहिजे, असं तो म्हणतो. आईबाप मुलांचं भवितव्य घडवू शकतात. आणि मुलांच्या शिक्षणाबरोबर मुलींचंही शिक्षण चाललं तर आपली प्रगती कितीतरी वेगाने होईल. दाखला म्हणून त्याने त्या स्नेह्यांच्याच शिकणाऱ्या मुलीकडे बोट दाखवलं.

हे लिहिताना त्याच्या मनात काय होतं ते मी कशी सांगणार? पण काही महिन्यांपूर्वीच वडील गेलेले, आणि बहिणींच्या दागिन्यांवर आलेली पुस्तकं वाचून तो तिथवर पोचलेला. जन्माने मिळालेलं कर्म म्हणजे काय, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? ज्या समाजाला हजारो वर्षं सांगितलं गेलं की तुमची आजची दशा हे तुमच्या कर्माचं फळ आहे, त्या समाजातल्या मुलाने हे वाक्य खोडून काढलं, म्हणून त्याला वजन आहे.

आता तिसरं घर. हे गिरणगावातल्या हजारो घरांसारखं एक घर आहे, म्हणून नाव घेत नाही. आधी थोडी पार्श्वभूमी. ताडदेवला कावसजी दावरांची पहिली कापडगिरणी १८५६ साली चालू झाली आणि पुढच्या शंभर वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी गिरण्यांच्या धुराड्यांनी भरून गेलं. कोकणातून, घाटावरून माणसं आली. गिरणीत लागायला ओळख लागायची. बाप कामाला असला की मुलाला बदली म्हणून चिकटवता यायचं. बदली म्हणजे कायम माणूस आला नाही तर त्याच्या जागी काम. वर्षानुवर्षं बदलीवर काढली की कधीतरी कायम. त्यामुळे बापाची समजूत पक्की, सातवी-आठवी पुरे, पुढे मी आहे. समजूत चुकीची म्हणता येणार नाही. गिरणीत महिन्याला पगार होता, बोनस होता, फंड होता. गावाकडच्या पावसावरच्या शेतीपेक्षा ते केव्हाही बरं.

बायकाही गिरणीत होत्या. १९२० च्या दशकात गिरणीकामगारांत जवळजवळ पाचातली एक बाई होती. पुढे बायकांना रात्रपाळीला बंदी, बाळंतपणाचा पगार देणारा १९२९ चा कायदा, नवी यंत्रं, अशी कारणं होत गेली आणि मालकांनी बायका कमी केल्या. मग लेकीला गिरणीत लावायची वाट बंद झाली. तिने घरात राहायचं, नाहीतर आईच्या खानावळीत हात लावायचा. एकट्या आलेल्या कामगारांना जेवू घालणाऱ्या या खानावळवाल्या बायका गिरणगावात गल्लोगल्ली होत्या. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तेव्हा कुठे सावकाराचा फास सैल झाला.

शिकायची वाट अगदीच नव्हती असं नाही. ना. म. जोशी यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढली, तिने कामगारवस्तीत रात्रशाळा आणि वाचनालयं चालवली. दिवसपाळी करून रात्री शाळेत बसणारे पुरुष आमच्या चाळीतही होते. बायका मात्र रात्री घराबाहेर कशा पडणार?

मग आलं १९८२ साल. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. दोन महिन्यांत मिटेल म्हणता म्हणता वर्ष गेलं, दीड वर्ष गेलं. तो संप रीतसर मागे घेतल्याचं कुणी जाहीर केलंच नाही. माणसं थकून परत जाऊ लागली, तेव्हा पुष्कळांना आत घेतलं नाही. "मी आहे, खात्यात लावतो" हे गिरणगावातल्या बापांचं वाक्य तेव्हा संपलं.

ते तिसरं घर माझं. वडील लालबागच्या एका गिरणीत विणकाम खात्यात. आई दहा-बारा माणसांची खानावळ चालवायची. दादा बारावीला, मी दहावीला. संप सुरू झाल्यावर जेवणारी माणसं गावी निघून गेली, जी राहिली त्यांच्याकडे द्यायला पैसे नव्हते. अशातच माझी परीक्षा झाली. मला दादापेक्षा चांगले गुण पडले होते. सांगायला नको खरं तर, पण आज सांगते.

दादाचा जीव चित्रकलेत. गणपतीच्या आधी दोन महिने तो परळच्या मूर्तींच्या कारखान्यात पडीक असायचा. त्याने काढलेले डोळे पाहून कारखान्यातले म्हातारे मूर्तिकारही मान डोलवायचे. त्याला कलाशाळेत जायचं होतं. वडील म्हणाले, "चित्रं काढून पोट भरतं का? यंत्राचं काही शीक. गिरणी नाही तर दुसरा कारखाना." तीस वर्षं माग चालवलेल्या माणसाला भाकरी यंत्रातूनच येताना दिसत होती. आईने हातातल्या दोन पाटल्या विकल्या, दादाची डिप्लोमाची फी भरली.

माझी फी काही फार नव्हती. पण दोन हात खानावळीला हवे होते. मी आईला विचारलं, "माझं काय?" ती कणीक मळत होती. वर न बघता म्हणाली, "आईबाप जन्म देतात, बाय, कर्म देत नाहीत. तुझ्या कर्मात असेल तर शिकशील."

ती कठोर नव्हती. तिच्यापाशी दुसरं उत्तर नव्हतं, म्हणून तिने ते नशिबावर ढकललं. पण दादाच्या वेळी पाटल्या निघाल्या आणि माझ्या वेळी कर्म निघालं, हे मला चौदा-पंधरा वर्षं सलत राहिलं. लग्नानंतर, मुलगी शाळेत जायला लागल्यावर, मी रात्रीच्या वर्गातून बारावी केली आणि बालवाडीचा कोर्स केला. नवऱ्याने साथ दिली. दादाने पुस्तकं आणून दिली. तो बिचारा आयुष्यभर कारखान्यात यंत्रांपाशी उभा राहिला. निवृत्त झाल्यावर परत रंग हातात घेतलाय. म्हणजे ज्याच्यासाठी पाटल्या विकल्या त्यालाही त्याचं हवं ते मिळालं नव्हतं.

आई जायच्या वर्षभर आधी एकदा तिला मी बाबासाहेबांच्या पत्राबद्दल सांगितलं. बहिणींच्या दागिन्यांचंही सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्यांना कुणी विचारलं का, तुम्हांला शिकायचं होतं का म्हणून?" मी निरुत्तर झाले. सुभेदारांच्या मुलींना काय हवं होतं, हा प्रश्न आईने विचारला होता. माझ्या मनात तो कधी आलाच नव्हता.

आता माझं स्वतःचं एक सांगून थांबते, नाहीतर मी फक्त आईवडिलांवर ठपका ठेवला असं होईल. माझी मुलगी बारावीनंतर म्हणाली, मला नर्सिंग करायचंय. आणि माझ्या तोंडून पटकन गेलं, "नर्स? रात्रपाळ्या, लोकांची घाण काढायची? बँकेच्या परीक्षा दे." बोलले आणि माझं मलाच ऐकू आलं. परक्यांच्या शरीराला हात लावणारं काम चांगल्या घरच्या बायकांचं नाही, ही जुनी समजूत. एवढी वर्षं रखमाबाईंबद्दल भाषणं करणारी मी, आणि ती माझ्या आत तशीच बसून होती. मुलगी म्हणाली, "आई, हे तुला वाटतंय की तुला कुणी सांगितलंय?" त्या एका प्रश्नाने मी गप्प झाले. आज ती नर्स आहे. रात्रपाळी असते. मला अजूनही काळजी वाटते. पण ती काळजी माझी आहे, तिचा रस्ता अडवायला मी ती वापरत नाही.

हल्ली समजुती बदलल्या आहेत. मुलींना शिकवू नये असं आता आमच्या चाळीत कुणी म्हणत नाही. आता म्हणतात, इंग्रजी माध्यमाशिवाय काही नाही. सायन्स न घेतलेला मुलगा वाया. मुलीला शिकवू, पण कॉलेज घराजवळचंच हवं. मुलाला लाखाचा क्लास आणि मुलीला शेजारच्या ताईकडे शिकवणी. गिरगाव-दादरच्या जुन्या मराठी शाळांचे वर्ग रिकामे होत गेले ते आपल्यासारख्याच आईबापांच्या समजुतीने. ती बरोबर की चूक, हा आज माझा विषय नाही. ती आपल्यात कुठून आली, ते तरी विचारू या. संपाच्या आधी गिरणी कायमची आहे याचीही आपल्याला अशीच खात्री होती. आज तिथे टॉवर आणि मॉल आहेत.

म्हणून या निकालाच्या दिवसांत, अर्ज भरायच्या आधी, एक संध्याकाळ टीव्ही बंद करून मुलांबरोबर बसा. मुलाला आणि मुलीला वेगवेगळं विचारा, तुला काय करायचंय. उत्तर पटलं नाही तर भांडा, आईचा तो हक्क आहे. पण आपलं म्हणणं कुठून आलं तेही त्यांना सांगा, आपल्या अनुभवातून की आपल्या भीतीतून. आणि घरात पैसा थोडा असेल, कुणाला तरी थांबावं लागणार असेल, तर तेही उघड बोला. कोण थांबणार, किती वर्षं, आणि त्याची पाळी पुन्हा कधी येणार, हे ठरवून टाका. रामजी सुभेदार दागिना सोडवून परत देत असत, हे विसरू नका. आमच्या घरात ती पाळी ठरलीच नव्हती.

आणि नळावर पुन्हा कुणी मावशी म्हणाली, आईबाप जन्म देतात, कर्म देत नाहीत, तर तिच्याशी वाद घालू नका. तिला बसवा, चहा द्या आणि विचारा, "मावशी, तुम्हांला काय शिकायचं होतं?" मी विचारून पाहिलंय. पुष्कळ ऐकायला मिळतं.